शेळीचं पान

शेळी गेली हे मला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी फोनवर कळलं. त्या वेळी मी गॅरेजसमोरचा बर्फ काढत होतो. सकाळी एकदा काढला होता आणि त्यानंतर नवा पडलाही नव्हता. पण ऑक्टोबरात माझी बायको मारिट गेल्यापासून मला घरात बसवत नाही. हातात फावडं असलं की निदान शेजारी काही विचारत नाहीत.

फोन बर्नाडेट सोबचॅकचा होता. ती मिलवॉकीला पेटंटची वकिली करते. मारिटचे सगळे अर्ज वीस वर्षं तिनंच लिहिले. मारिटच्या अंत्यविधीला तिनं चर्चच्या तळघरात चाळीस माणसांना कॉफी वाढली होती, आणि मला रडू आलं तेव्हा माझ्या हातात भांडी पुसायचं फडकं दिलं होतं.

"ऑरिन, बसलायस का?"

"हल्ली मी बसत नाही."

"मग उभ्यानंच ऐक. परीक्षकाचं पत्र आलंय. गाय मिळाली. शेळी गेली. मेंढी, घोडा, डुक्कर, सगळे गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे नाकारले. तो म्हणतो, गाईचं जनुक तुम्ही अक्षर न् अक्षर लिहून दिलंत, ते घ्या. बाकीच्या जनावरांची तुम्ही नुसती नावं घेतलीत. ती तुमच्या हातात होती असं अर्जावरून दिसत नाही."

"पण शेळी होती, बर्नाडेट. तिच्याकडे होती."

"होती रे. फ्रीजमध्ये होती. फ्रीज अर्जाला टाचता येत नाही."

मारिट इथल्या विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ होती. मी त्याच विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लोखंड आणि पितळ कापलं. तिचं एक यंत्र फिरताना थडथडायचं, ते दुरुस्त करायला गेलो आणि तिथंच अडकलो. गाईच्या दुधात एक प्रथिन असतं. कास सुजवणारा जंतू ते मारून टाकतं. ते प्रथिन बनवणारं जनुक मारिटनं गाईत शोधलं. मग तिला कळलं की शेळीतलं जास्त चिवट आहे. गाईचं दोन दिवसांत नासायचं, शेळीचं आठवडाभर काम करायचं. म्हणजे औषध झालंच असतं तर ते शेळीच्या जनुकापासून झालं असतं. आमच्या राज्यात कुणाचा ना कुणाचा काका गोठेवाला असतोच, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

बाकीचं मात्र लगेच समजायचं नाही. आणि समजणं हे माझं काम होतं.

प्रयोगाची वही शाईनं लिहायची, पानाला नंबर असतो, फाडायचं नाही, खोडायचं नाही. पानाखाली लिहिणाऱ्याची सही. तिच्याखाली एक ओळ छापलेली असते, 'वाचलं आणि समजलं', आणि तिथं साक्षीदाराची सही आणि तारीख. साक्षीदार त्या कामात नसलेला हवा. मारिटच्या प्रयोगशाळेत जेमतेम तीन माणसं, आणि तिघंही कामात. म्हणून तिनं मला धरलं.

"वाचलं म्हणून सही करतो," मी पहिल्यांदा म्हणालो होतो. "समजलं म्हणून कशी करू?"

"मग समजावते."

आणि वीस वर्षं समजावलं. दर शुक्रवारी आम्ही तळ्याकाठच्या सपर क्लबात तळलेला मासा खायला जायचो. मासा यायच्या आधी ती वही उघडायची. समजावून झालं की म्हणायची, आता तू सांग. मी माझ्या शब्दांत सांगेपर्यंत पेन तिच्याच मुठीत असायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, मासा गार होतोय." तर म्हणाली, "मग लवकर समज."

जनुक म्हणजे काय ते तिनं मला माझ्याच धंद्यातून सांगितलं. जनुक म्हणजे ड्रॉइंग, प्रथिन म्हणजे त्यावरून बनवलेला पार्ट. "आणि ड्रॉइंगवर मापं लागतात," ती म्हणायची. "'घट्ट बसेल असा बोल्ट' एवढंच लिहून कागद पाठवला तर करशील?"

"कागद परत पाठवीन. वर दोन शब्दही लिहीन."

म्हणून त्या मंगळवारी परीक्षकाचा राग आला तरी टिकला नाही. आम्ही त्याला घट्ट बसेल असा बोल्ट लिहून दिला होता. मीही परत पाठवला असता.

फोनवर बर्नाडेट पुढं म्हणाली, "एक वाट आहे. शेळीचा वेगळा अर्ज करायचा, सगळी अक्षरं लिहून. पण कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीनं गेल्या एप्रिलात शेळी छापलीय. त्यांचाही अर्ज असणार, बहुतेक जानेवारीचा. म्हणजे भांडण लागणार, आधी कुणाकडे होती याचं. तिथं मारिटचा शब्द चालत नाही, तिच्या त्या मुलीचाही नाही, कारण दोघी शोध लावणाऱ्या. बाहेरच्या माणसाची सही लागते. वहीत शेळीचं पान आहे, मारिटनं मला तेव्हा सांगितलं होतं. त्याच्यावर तुझी सही आहे ना?"

"सगळ्या पानांवर आहे. वीस वर्षांत एकही पान सोडलेलं नाही."

हे मी विचार न करता बोललो. उद्या कुणी विचारलं की रोज दात घासतोस का, तर जसं म्हणेन तसं.

"मग झालं तर. विद्यापीठाची पेटंट-संस्था तेवढ्यावर तयार होईल. सही केलेलं पान पाहिल्याशिवाय ते नव्या अर्जाला हात लावणार नाहीत. वीस एप्रिलच्या आत आपल्याला अर्ज घालायचाय. त्यांचा लेख छापून एक वर्ष झालं की दार बंद."

शनिवारी पा न्या शाँग वह्यांचं खोकं घेऊन आली. 'मारिटची ती मुलगी' म्हणजे हीच. तिचं घराणं ह्माँग जमातीचं, आईबाप लाओसमधून आलेले, ही इथंच वाढली. मारिटच्या हाताखाली पाच वर्षं होती. शेळीच्या फिल्मा, म्हणजे जनुकाची अक्षरं उमटलेल्या एक्स-रेसारख्या पट्ट्या, तिनं वाचल्या होत्या. अर्ज झाला तर त्यावर मारिटच्या खाली तिचं नाव येणार होतं, आणि तिची जागा चालू राहणार होती. नाही तर जूनमध्ये प्रयोगशाळा बंद.

"ऑरिन, तुम्ही जेवता का काही?" आत येताच तिनं कॉफीच्या कपांनी भरलेलं सिंक पाहिलं. "की नुसती कॉफीच धुताय?"

"कॉफी धूत नाहीत, पितात."

"ते कपांना सांगा. आईनं भात आणि कोंबडी पाठवलीय. डबा परत द्या, नाहीतर ती मला धुऊन काढेल."

वही तिनंच काढली. तेवीस नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव, पान एकशे बेचाळीस. वरपासून खालपर्यंत मारिटचं बारीक अक्षर, चार-चार अक्षरांच्या रांगा, मध्ये एक चिकटवलेली फिल्म. खाली मारिटची सही. त्याखाली 'वाचलं आणि समजलं'. त्याच्यापुढं काही नाही.

मी एकशे एक्केचाळीस पाहिलं. माझी सही, वीस नोव्हेंबर. एकशे त्रेचाळीस पाहिलं. माझी सही, अकरा डिसेंबर. पुन्हा मधलं पाहिलं.

पा न्या खुर्चीत बसली. "नाही?"

"नाही."

"तुम्ही तर वकीलबाईंना सांगितलंत..."

"सांगितलं."

मग दोघांनाही सगळं क्रमानं आठवायला लागलं. वीस नोव्हेंबरला शुक्रवार होता. मी सकाळीच न्याहारीला सही करून हरणाच्या शिकारीला उत्तरेला गेलो. दरवर्षी जातो, नऊ दिवस, भावाच्या खोपटात. तिथं फोन नाही. सोमवारी पा न्यानं शेवटची फिल्म वाचली आणि मारिटनं पान लिहिलं. बुधवारी अर्ज घालायचाच होता, कारण गाईचा लेख छापून त्या दिवशी वर्ष भरत होतं. बर्नाडेटनं मंगळवारी मारिटला सांगितलं होतं, जे काय हातात असेल ते पाठव. मारिटनं शेळीचं पान पाठवलं नाही.

"मी म्हटलं होतं त्यांना," पा न्या म्हणाली. "एक पान तर आहे, फॅक्स करू. तर म्हणाल्या, साक्षीदाराच्या सहीशिवाय माझ्या वहीतलं पान बाहेर जात नाही. ज्याच्यावर ऑरिनची सही नाही ते घडलेलं नाही. आणि अर्जात आपण सस्तन प्राणी म्हटलंय, त्यात शेळी आलीच."

"दुसऱ्या कुणाला घ्यायचं. तुमच्या मजल्यावर माणसं काय कमी होती?"

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा आठवडा. अर्धा मजला तुमच्यासारखाच झाडावर बसलेला, बंदूक घेऊन."

मी एकोणतीसला रविवारी परत आलो. मोठा नर मिळाला होता, शिंगांना आठ फाटे. चार डिसेंबरच्या शुक्रवारी मारिटनं सपर क्लबात वही उघडली होती, एवढं मला पक्कं आठवत होतं. मग ती बाथरूमला गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आली ती पांढरी फटक. पोट दुखतंय म्हणाली. आम्ही मासा तसाच टाकून घरी आलो. पुढं दहा महिने जे झालं त्याची ती सुरुवात होती. सही राहिली.

पा न्यानं वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही वाचलं होतं. त्यांनी समजावलं होतं. सही फक्त राहिली. मग आता करा."

"तारीख कोणती घालू?"

तिनं कोट घातला आणि दारातून म्हणाली, "डबा विसरू नका."

त्यानंतरचे तीन आठवडे मी हत्यारं लावली. मापानं लावलेली होती, ती कामाप्रमाणे लावली, मग पुन्हा मापानं. तळघरातला नळ गळत नव्हता तरी खोलून पाहिला. गाडी काढून कुठंतरी जायचो आणि पेट्रोल भरून परत यायचो. वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. मी उभ्यानं जेवायचो म्हणजे समोर यायला नको. मारिटची काळी पेनं ड्रॉवरमध्ये होती, डझनाचं पाकीट, चार उरलेली. शाई तीच. एकदा वर्तमानपत्राच्या कडेला मी सही करून पाहिली, 'चार डिसेंबर अठ्ठ्याण्णव'. हात जरासुद्धा अडखळला नाही. ते वर्तमानपत्र मी शेकोटीत घातलं, आणि राखसुद्धा काठीनं मोडली. तेव्हा मला कळलं की मी काय करायला निघालोय.

तरी मी स्वतःला सांगत होतो, तारीख खोटी नाही. त्या दिवशी तिनं समजावलंच होतं. पेन तेवढं उशिरा टेकतंय.

मार्चमधल्या एका शुक्रवारी मी सपर क्लबात गेलो. मारिट गेल्यावर पहिल्यांदाच. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य पण मासा चालतो, त्यामुळे गर्दी होती. तरी लव्हर्ननं आमचंच टेबल दिलं. लव्हर्न तिथं माझ्या लग्नाआधीपासून वाढते.

"मला वाटलं मेलास की काय," ती म्हणाली, मग तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. माफ कर, ऑरिन."

"असू दे. राय ब्रेड जास्त आण."

मासा आल्यावर मी तिला विचारलं, अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरातली ती संध्याकाळ आठवते का, मारिटला बरं वाटलं नव्हतं ती.

"न आठवायला काय झालं? त्या दिवशी तू हरणाची गोष्ट तीनदा सांगितलीस. एकदा मला, एकदा बारवाल्याला, एकदा त्या पलीकडच्या टेबलाला, ओळख ना पाळख. वारा कुठून होता, फांदी कशी मोडली, सगळं."

"आणि मारिट?"

"ती बिचारी वही उघडून बसलेली. ताटाखालच्या कागदावर काहीतरी काढत होती, तुला दाखवायला. तू तिकडे उभा, हातानं शिंगं करून दाखवतोयस."

"तो कागद?"

"कसला कागद? ताटाखालचा? तो आम्ही गुंडाळून फेकतो, ऑरिन. रोज दोनशे फेकतो." तिनं ब्रेडची टोपली पुढं सरकवली. "तिला आम्ही मासा बांधून दिला होता. तुम्ही तो इथंच विसरलात."

घरी येऊन मी कोट न काढताच वही उघडली. दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी पुन्हा उघडली. मारिटच्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्यानं सांगायचा प्रयत्न केला, जसं शुक्रवारी सांगायचो तसं. "हे शेळीचं आहे," मी म्हणालो. "ते जंतू मारतं. गाईच्यापेक्षा चिवट आहे." पुढं काही नव्हतं. फिल्म कशाची, रांगांत मध्येच चौकट का केलीय, कडेला तीन उद्गारचिन्हं का, मला काहीच माहीत नव्हतं. एवढ्यावर तिनं पेन दिलं नसतं. पानावर सही राहिली कारण मी समजून घेतलंच नव्हतं. ती बाथरूममधून वेळेवर आली असती तरी सही झाली नसती.

सोमवारी मी मिलवॉकीला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण गाडी चालवणं बरं वाटलं.

बर्नाडेटनं पान पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "तू मला म्हणालास की आहे."

"म्हणालो. चूक झाली."

"ऑरिन, मी संस्थेला लेखी कळवलंय! त्या लोकांना दिलेला एक शब्द मी वीस वर्षांत फिरवलेला नाही."

"माझ्या नावानं कळव. म्हाताऱ्याला आठवत नाही म्हण."

"म्हातारा तू पुष्कळ दिवसांपासून आहेस, आता त्याचा फायदा घेऊ नकोस." ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग वळून म्हणाली, "सहीची जागा तू कोरी ठेवलीस हे चांगलं केलंस, एवढंच बोलते. परत विचारू नकोस."

ती टेबलाशी बसली आणि तिनं एक कागद ओढला. "प्रतिज्ञापत्र करून बघू. सही नसली तर नसली, साक्ष तर आहे. दुबळी आहे, नवऱ्याची आहे, पण खरी असली तर मी ती घेऊन संस्थेकडे भांडेन. कलम एक, तू कोण. कलम दोन, मारिट कोण. कलम तीन, चार डिसेंबरला कुठं होतात. कलम चार. तिनं तुला त्या दिवशी काय दाखवलं?"

"शेळीचं जनुक."

"ते कसं होतं?"

"जंतू मारणारं."

"ते काय करतं हे सांगतोयस. ते काय होतं ते सांग. एक रांग, एक चौकट, कुठलीही एक गोष्ट जी ते पान तू त्या दिवशी पाहिलंस म्हणूनच तुला माहीत आहे."

खाली रस्त्यावर बर्फ हटवणारी गाडी खडखडत गेली. मला वारा आठवत होता, फांदी आठवत होती, हरणाच्या मानेवरचे केस आठवत होते.

"बर्नाडेट, मी ऐकत नव्हतो."

तिनं पेन खाली ठेवलं. "परीक्षकानं हेच लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडे असेल, पण तुम्ही ते सांगितलेलं नाही."

कलम चार रिकामं ठेवून तिनं तो कागद मला दिला. आठवलं तर लिही म्हणाली. संस्थेनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या अर्जाला नकार दिला. तारीख आली आणि गेली.

पा न्या दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मी डबा धुऊन तिच्या दारात ठेवून आलो. मग एका शुक्रवारी ती स्वतःच आली. दारात उभी राहून, हात कोटाच्या खिशात.

"आईनं सांगितलंय तुमच्यावर रागवायचं नाही. तरी मी रागावलेय."

"रागव."

"माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं कशावर तरी. आता मी सेंट पॉलला चाललेय, बहिणीकडे. तिथं दवाखान्यात रक्त तपासायचं काम आहे." ती आत आली. टेबलावरच्या वहीकडे तिनं पाहिलं. शुक्रवारची आमची रीत तिला माहीत होती. "कधी जायचं मासा खायला?"

लव्हर्ननं तिला आमच्या टेबलावर मारिटच्या जागी बसवलं. पा न्यानं वही उघडली. मासा यायच्या आधी तिनं मला वरच्या सहा रांगा समजावल्या. मग म्हणाली, आता तुम्ही सांगा. मला दोनदा सांगावं लागलं. चौकट का केली ते कळलं. तिथं शेळीचं गाईपेक्षा वेगळं होतं, सात अक्षरं जास्त. चिवटपणा तिथून येतो. मारिटनं तीन उद्गारचिन्हं त्याचीच केली होती.

"ही सही कुठं चालणार नाही, माहीत आहे ना?" पा न्या म्हणाली. "आजची तारीख पडेल."

"आजचीच पडेल."

"मग कशाला?"

"बाकीच्या सगळ्या पानांवर आहे."

त्यानंतर तीन शुक्रवार झाले. ती एकतीस मेला जाणार आहे. फिल्म मला आता निम्मी वाचता येते. फिल्मच्या खालच्या अकरा रांगा समजायच्या राहिल्या आहेत. प्रतिज्ञापत्राचं चौथं कलम रिकामं आहे, ते रिकामंच राहील. एकशे बेचाळीसाव्या पानावर माझी सही अजून झालेली नाही.